बादशहाच्या तोंडी घातलेलं वाक्य

आधी अक्षराबद्दल माफ कर. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही, ओळी खाली घसरत जातात, आणि जोडाक्षर आलं की पेन अडतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लिहिलं ते वाणसामान, दुधाचे खाडे आणि माहेरी दिवाळीला चार ओळी. एवढं सलग मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – परवा एका बाईंना सांगितलं. पण तिथे चारच वाक्यं बोलले, तीही अडखळत. सगळं, असं पहिल्यापासून, कुणालाच नाही. तू कोण आहेस मला माहीत नाही. मैत्रीण समजून लिहिते. समोर माणूस नसलं की मला बोलता येतं.

गोष्ट एका बादशहाची आहे. हसू नकोस. माझ्यासारख्या बाईचा बादशहाशी काय संबंध, असं तुला वाटेल. मलाही वाटलं असतं.

चौथीला आम्हाला इतिहासाचं पुस्तक होतं ते शिवाजी महाराजांचं. मी साताऱ्याकडची. ते पुस्तक माझं जवळजवळ पाठ होतं. शेवटी महाराज जातात, आणि पुस्तक संपतं. पुढे काय झालं ते पाचवीच्या पुस्तकात असेल, असं मी धरून चालले होते. पाचवी आलीच नाही. त्यामुळे माझा इतिहास तिथेच थांबलेला होता.

तो पुन्हा सुरू झाला तो दिल्लीत, मेहरौलीला. हे सरकारी खात्यात ड्रायव्हर. लग्न झालं तेव्हा क्वार्टर मिळालेलं नव्हतं, म्हणून दर्ग्याच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली होती. खाली घरमालकीण राहायची, सत्तरीची, सगळे तिला अम्मी म्हणत. मला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, आणि तिला बोलायला कुणी नव्हतं. ती तांदूळ निवडायची आणि बोलायची. मी मान डोलवायची. एकदा तिनं दर्ग्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "वहाँ एक बादशाह भी सोया है. बच्चा था बेचारा. तीन महीने का बादशाह." एवढं मला कळलं.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. ह्यांना वाचनाची आवड. त्यांनी मराठी मंडळाच्या लायब्ररीतून एक जाड पुस्तक आणलं आणि शोधून शोधून मला वाचून दाखवलं. बादशहाचं नाव रफी-उद-दरजात. ऐकलं होतंस कधी? नाहीच ऐकलं असणार. कुणीच ऐकलेलं नसतं.

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. छातीत क्षय. दरबारातल्या दोन बलाढ्य सरदारांनी आधीच्या बादशहाला पकडून त्याचे डोळे घालवले, आणि गादीवर बसवायला कुणीतरी हवं होतं. खरं तर त्यांना दुसराच शहजादा हवा होता. पण राजवाड्यातल्या बायकांना वाटलं, हे पोरांना मारायला आले. त्यांनी दारं लावून घेतली. किल्ल्या सापडेनात. मग हा जो हाताला लागला, त्याला ओढून बाहेर आणलं. अंगावर होते त्या कपड्यांनिशी त्याला तख्तावर बसवलं, गळ्यात मोत्यांची माळ घातली, आणि झाला बादशहा. खायचं काय, भेटायचं कुणाला, सगळं ते सरदार ठरवणार. तीन-सव्वातीन महिने. दुखणं वाढलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या थोरल्या भावाला बसवा. भावाला बसवलं, आणि थोड्याच दिवसांत हा गेला.

यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? थांब, सांगते.

त्याच दिवसांत आपले पेशवे फौज घेऊन दिल्लीत होते. छत्रपतींना सनदा मिळाल्या त्या ह्याच पोराच्या नावानं. आणि येसूबाई – संभाजी महाराजांच्या राणीसाहेब, शाहू महाराजांच्या आई, रायगड पडला तेव्हापासून मोगलांच्या कैदेत असलेल्या – त्या सुटल्या आणि साताऱ्याला आल्या, त्याही ह्याच्याच राज्यात. ह्यांनी ते पान वाचलं आणि मी ह्यांना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

तुला सांगते, त्या रात्री माझी छाती अशी फुगली! मी साताऱ्याहून आलेली, कुणाशी बोलता न येणारी, एका खोलीत दिवस काढणारी. आणि माझ्या खोलीच्या मागे तो झोपलेला, ज्याच्या राज्यात आमच्या राणीसाहेब सुटून माझ्याच गावाकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी अम्मीबरोबर दर्ग्यात गेले. नेमकी कबर कुठली ते तिलाही नक्की सांगता येईना. मी अंदाजानं एका बाजूला गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या. दिल्लीत मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

पुढे आम्हाला लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. समोरच्या ब्लॉकमध्ये देशमुख वहिनी राहायच्या, अकाउंट्समध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मुलगी केतकी. शाळा सुटली की वहिनी ऑफिसातून येईपर्यंत ती माझ्याकडे असायची. मला मूल उशिरा झालं, तोवर केतकीच माझं घर भरून टाकायची. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, तोंडाला खळ नाही. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठीत मधेच हिंदी. "मावशी, गोष्ट सांग ना यार."

मला येऊन येऊन एकच गोष्ट यायची, बादशहाची. मोठ्या माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही, पण त्या पोरीपुढे मी काय बोलायची! किल्ल्या शोधणाऱ्या बायका मी करून दाखवायची. सरदार करायची. बादशहाचा खोकला असा काढायची की शेजारीण एकदा विचारायला आली, दवाखान्यात दाखवलंत का.

केतकी मात्र हिशोबनीसाची लेक. तिला सगळं पुरं लागायचं. एके दिवशी तिनं विचारलं, "अच्छा, मग येसूबाई निघाल्या तेव्हा तो त्यांना काय बोलला?"

आता काय सांगणार? पुस्तकात असलं काही नव्हतं. ते दोघं कधी समोरासमोर आले की नाही, हेसुद्धा पुस्तकात नव्हतं. मला म्हणता आलं असतं, बाळ, मला माहीत नाही. म्हणायला हवं होतं. पण ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. बादशहा पलंगावरून उठला, भिंतीला धरून दारापर्यंत आला आणि म्हणाला –

"आई, तुम्ही तरी घरी जा. मला इथून कोण सोडणार?"

केतकी जवळ सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग ती म्हणाली, "हे खरंच म्हणाला तो? बिल्कुल असंच?" आणि मी म्हटलं, हो. पुस्तकात आहे.

हे माझं पहिलं खोटं. वाक्य रचलं हे नव्हे – गोष्टीत माणूस रचतोच. पुस्तकात आहे म्हटलं, ते.

ह्यांनी एकदा दारातून ऐकलं आणि हसले. म्हणाले, "अगं, बादशहा मराठी कधी शिकला?" मी पदर तोंडाला लावून आत पळाले. केतकी गोष्ट संपताच खेळायला पळाली होती. तिनं ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं का? कितीदा मनात आलं आहे.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला आमचं मंडळ बस करून पानिपतला, काला अंबला जातं. तुला ठाऊक असेल, तिथे आपली माणसं पडली, तिथे स्मारक आहे. महाराष्ट्रातूनही बसच्या बस येतात. त्याआधी मुलांची वक्तृत्व स्पर्धा असते, आणि पहिला नंबर येईल त्यानं काला अंबला सगळ्यांपुढे बोलायचं, असा मंडळाचा रिवाज. केतकी दहा वर्षांची झाली त्या वर्षी तिनं नाव दिलं. बाकीच्या सगळ्या मुलांनी पानिपत घेतलं. केतकीनं घेतला माझा बादशहा.

मी शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून उभी होते. आधी लोक चुळबुळत होते, हा कोण बादशहा म्हणून. मग ती त्या वाक्यावर आली. तिनं हात भिंतीला धरल्यासारखा पुढे केला – मी करायची तसाच – आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही तरी घरी जा." हॉलमध्ये पंखा फिरता तर पंख्याचा आवाज ऐकू आला असता. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला. ते वाक्य माझं होतं. चौथी शिकलेल्या, दुकानात भाव विचारायलासुद्धा लाजणाऱ्या बाईचं. एवढे शिकलेले लोक माझ्या वाक्यावर रडत होते आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, तेवढा अभिमान मला माझा मुलगा इंजिनीयर झाला तेव्हाही वाटला नाही.

केतकीला पहिलं बक्षीस मिळालं. पाकिटात पाचशे एक रुपये. त्या काळी ते फार होते. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन सरोजिनीच्या बाजारात गेली आणि माझ्यासाठी शाल घेऊन आली. निळी, कडेला पांढरी वेल. वहिनी म्हणाल्या, "सगळे पैसे घातले हो पोरीनं. एक चॉकलेटसुद्धा घेतलं नाही." मी ती शाल पांघरून काला अंबला गेले.

आता ते आलं. इथवर फिरून फिरून आले, तुझ्या लक्षात आलं असेल.

धुकं इतकं होतं की समोरची बस दिसत नव्हती. सतरंज्या घातल्या होत्या. मी बायकांत, तिसऱ्या रांगेत. आमच्या मंडळाची माणसं होती, सातारा-कोल्हापूरकडून आलेले लोक होते. केतकी बोलली. स्पर्धेपेक्षाही चांगलं बोलली. टाळ्या पडल्या. आणि पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ उठले, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ते रागावले नव्हते, हे लक्षात ठेव. त्यांना आनंद झाला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"बाळ, फार सुंदर. हे वाक्य कुठल्या बखरीत सापडलं तुला? मी इतकी वर्षं वाचतोय, माझ्या पाहण्यात नाही आलं. मला लिहून घेऊ दे."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं.

नुसतं पाहिलं. सांग म्हणून नाही, वाचव म्हणूनही नाही. पुस्तकाचं नाव काय मावशी, एवढंच विचारल्यासारखं. मी उठायला हवं होतं. हात वर केला असता तरी चाललं असतं. मी काय केलं? मी मान खाली घातली आणि शालीच्या कडेची वेल बोटानं कुरवाळत बसले. तिनंच दिलेल्या शालीची.

पोर हुशार. माझी खाली गेलेली मान बघून तिला सगळं कळलं. आणि ती म्हणाली, "सर, ते मीच बनवलं."

म्हातारे कसनुसे हसले, पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "असं करू नये बाळा. या जागेवर तर नाहीच." ते बरोबरच बोलले. मग कुजबुज सुरू झाली. मंडळाच्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या की रचलेल्या भाषणाला बक्षीस देता येत नाही, बाकीच्या मुलांवर अन्याय होतो, पैसे परत घ्यावे लागतील. वहिनी तिथेच, सगळ्यांदेखत केतकीच्या थोबाडीत मारून बसल्या. त्या कधी हात उगारत नसत. पण मान गेला होता, महाराष्ट्रातल्या पाहुण्यांपुढे. केतकी रडली नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या मागे. पानिपत ते दिल्ली मला बोलायला भरपूर रस्ता होता. मी गुळपोळीचा डबा फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाचशे एक रुपये मंडळात नेऊन दिले. शाल माझ्याकडेच.

लोक म्हणतात मी लाजाळू. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण लाजाळू बाईनं घरी येऊन तरी सांगितलं असतं ना, चार भिंतींत, एकट्या वहिनींना? तिथे कोण होतं लाजायला? मी भित्री होते. आणि दुसरंही काही होतं, ते जास्त वाईट. ते वाक्य रचलेलं ठरलं तर माझा बादशहा खोटा पडेल, असं मला वाटलं. मला माझा बादशहा त्या पोरीपेक्षा प्यारा झाला.

हे घरी आले, त्यांना कुणीतरी सांगितलं, देशमुखांच्या मुलीनं भाषणात थाप मारली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. त्यांनीही पुढे कधी विचारलं नाही.

केतकी माझ्याकडे येत राहिली. वहिनींची नोकरी होती, जाणार कुठे? पण "गोष्ट सांग" म्हणाली नाही. एकदा मीच म्हटलं, सांगू का? तर म्हणाली, "नको मावशी, होमवर्क आहे." तिनं मला कधी बोल लावला नाही. त्यानंतर ती स्टेजवरही चढली नाही.

आणि त्यांच्या घरात एक म्हण पडली. केतकीनं काही जास्तीचं सांगितलं की वहिनी म्हणायच्या, "परत काला अंब केलंस का?" सगळे हसायचे. कॉलेजात तिनं सांगितलं, मॅडमनी माझं कौतुक केलं – "काला अंब!" नोकरी लागल्याचा फोन आला – "खरंच ना? काला अंब नाही ना?" मायेनंच म्हणायच्या. पण म्हणायच्या. मी समोर असायची. मी पण हसायची.

वर्षं गेली. लक्ष्मीबाई नगरातली आमची घरं पाडली, तिथे टॉवर आले. आम्ही मुलाकडे द्वारकेला आलो. वहिनीही द्वारकेतच, केतकीकडे असतात. दोन सेक्टर सोडून. येणंजाणं आहे.

या जानेवारीत त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. केतकीची मुलगी सई, सहा वर्षांची, धावत आली. "आजी, आपल्या टेरेसवर मोर आला होता! त्यानं मला बघितलं!" आणि वहिनी तिळगूळ वाटता वाटता बायकांना म्हणाल्या, "आईवर गेली हो. हीसुद्धा काला अंब करते."

बायका हसल्या. सईचा चेहरा उतरला. द्वारकेत मोर असतात, पहाटे मी स्वतः त्यांची केका ऐकते. केतकी वाणाच्या डब्या लावत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तसंच. जसं तेव्हा बघितलं होतं. तिला आठवलं म्हणून की सहज, देव जाणे.

मी वाण घेऊन घरी आले. आठ दिवस नीट जेवले नाही. सुनेला वाटलं, पित्त झालं.

परवा दुपारी, केतकी आणि सई घरी असतील अशी वेळ धरून, ई-रिक्षा करून गेले. निळी शाल पांघरून गेले. वहिनी एकट्याच बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी पैशांचं पाकीट त्यांच्या पुढे ठेवलं. "कसले पैसे गं सुमन?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काला अंबचे. वहिनी, ते वाक्य केतकीचं नव्हतं. ते मी रचलं होतं आणि तिला पुस्तकात आहे म्हणून सांगितलं होतं. ती तिथे खरं समजून बोलली, आणि मी गप्प बसले.

चारच वाक्यं. त्यांना वाटेल ते बोलू दे म्हणून मी उभीच राहिले.

वहिनींची नजर माझ्या अंगावरच्या शालीवर गेली. मग म्हणाल्या, "मी तिला मारलं होतं, सुमन." मी म्हटलं, हो. माफ करा म्हणाले नाही. तो शब्द मी वाटेतच ठरवून टाकून दिला होता, कारण तो म्हटला की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं.

आणि एक गोष्ट तुझ्यापासूनही लपवत नाही. ते वाक्य आजही मला चांगलंच वाटतं. त्या पोरानं ते म्हटलं नसेल. पण म्हणायला आसपास कुणी असतं, तर हेच म्हणाला असता, असं मला वाटतं. हा गर्व माझ्यानं जात नाही. त्याचीही कबुली देते.

वहिनींनी चष्मा लावला. जन्मभर अकाउंट्समध्ये काढलेल्या बाई. पाकीट उघडून नोटा मांडीवर ठेवल्या, मोजल्या, वरचं रुपयाचं नाणं बोटानं चाचपलं.

"पाचशे एक," त्या म्हणाल्या. "पूर्ण आहेत."

मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी केतकीला हाक मारली.